न्यूट्रल नसलेल्या बोर्डात वायरलेस स्विच: आधी बल्ब बघा, मग चिप निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गिरगावातल्या जुन्या चाळीत राहणाऱ्या एका तरुणाने मित्रासोबत वाय-फायवर चालणारा स्विच बनवलाय. आत ईएसपी-८२६६ ही वाय-फायची चिप, बाजारात मिळणारं २३० व्होल्टचं ५ व्होल्ट करणारं तयार मॉड्यूल आणि निळा रिले, म्हणजे विजेने उघडझाप होणारा स्विच. टेबलावर सगळं मस्त चाललं. घरचा बोर्ड उघडला तर आत न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, नाही, म्हणून मॉड्यूलची एक तार फेजला आणि दुसरी बल्बकडे जाणाऱ्या तारेला जोडली. आता दिवा बंद असताना ९ वॅटचा एलईडी बल्ब दर तीन-चार सेकंदांनी लुकलुकतो, आणि दिवा चालू केला की स्विचच मरतो. आजी त्या खोलीत झोपायला तयार नाही. विचारलंय ते असं: "ईएसपीऐवजी कमी वीज खाणारं कुठलं वाय-फाय मॉड्यूल घेऊ?"

मॉड्यूल बदलून लुकलुक थोडी कमी होईल, थांबणार नाही. मी गेली १८ वर्षं छोटे पॉवर सप्लाय डिझाइन करते, त्यातली पाच-सहा वर्षं नेमक्या याच दुखण्यात गेली. तुम्ही प्रश्न रेडिओचा, म्हणजे वाय-फायच्या भागाचा, समजताय, पण अडचण पोटाची आहे. तुमचं सर्किट दिव्याच्या ताटातलं खातंय, आणि दिव्याला ते कळतंय.

इलेक्ट्रिकच्या दुकानात सिरीज बोर्ड पाहिला असेल. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक सॉकेट. दुरुस्तीला आलेली इस्त्री आधी त्यात लावतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब ढणढणीत पेटतो. न्यूट्रल नसलेल्या बोर्डातला तुमचा स्विच म्हणजे त्या सॉकेटात लावलेली वस्तू. दिवा बंद असताना स्विच जेवढा करंट घेईल तेवढा बल्बातून जाणारच, दुसरी वाट नाही. दिवा चालू असताना उलटी पंचाईत: रिलेने दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या, त्यांच्यातलं व्होल्टेज शून्य झालं, आणि तुमच्या मॉड्यूलला त्याच दोन तारांमधून जेवायचं होतं. म्हणून तो मरतो. मेला की रिले सुटतो, सुटला की पुन्हा जागा होतो.

पुढे जायच्या आधी एक खात्री करून घ्या. न्यूट्रल खरंच नाहीये का? मुंबईतल्या बहुतेक बोर्डांत बटणांसोबत ५ अँपिअरचा एक तरी प्लग असतो, आणि प्लग म्हटला की न्यूट्रल आलाच. "आमच्याकडे न्यूट्रल नाही" म्हणून मला बोलावलेल्या कितीतरी घरांत तो प्लगच्या मागे काळ्या तारेत निवांत बसलेला होता. नुसत्या बटणांचे बोर्ड, जिन्यातले आणि पलंगाशेजारचे टू-वे स्विच, लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमधले एकेकटे पॉइंट, इथे मात्र खरोखर नसतो. तिथे न्यूट्रल वरच्या वर छतातून दिव्याला गेलेला असतो. तपासायला निऑनचा टेस्टर नको, तो हवेतल्या प्रेरणेनेही मिणमिणतो. मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प दोन्ही वापरा: फेज आणि संशयित तार यांच्यात दिवा पूर्ण प्रकाशाने पेटला पाहिजे. जुन्या घरांत तारेच्या रंगावर विश्वास ठेवायचा नसतो, हे कुठलाही वायरमन सांगेल.

प्लगमधला न्यूट्रल वापरणार असाल तर तो त्याच सर्किटचा आहे ना, बघा. शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला आणि दोन्ही सर्किटांना वेगवेगळी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती पडणार, कारण गेलेला करंट तिच्यातून परत येत नाही. आणि अर्थची तार न्यूट्रल म्हणून कधीही वापरू नका. जुन्या इमारतींत अर्थिंग कुठेतरी तुटलेलं असतं, आणि मग तुमचा करंट शेजारच्या फ्रिजच्या पत्र्यावर जाऊन बसतो.

आता न्यूट्रल खरोखर नाही असं धरून चालू. आधी दिवा बंद असतानाचा हिशेब.

ईएसपी-८२६६ वाय-फायला जोडून कान उघडे ठेवून बसला की सरासरी ७० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, आणि पाठवताना क्षणभर १७० पर्यंत जातो. ३.३ व्होल्टवर सरासरी पाव वॅट म्हणा. छोटं मॉड्यूल इतक्या कमी लोडवर साठ-पासष्ट टक्केच कार्यक्षम, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूने ०.३५ ते ०.४ वॅट. भागाकार केला की दीड-दोन मिलिअँपिअर, तेही सलग नाही, झटक्याझटक्याने. हा करंट बल्बाच्या आतल्या कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाला, हळूहळू भरत राहतो. तो पुरेसा भरला की बल्बाची ड्रायव्हर आयसी, म्हणजे एलईडींना करंट पुरवणारी चिप, जागी होते, दिवा एकदा चमकतो, कपॅसिटर रिकामा होतो, पुन्हा भरायला लागतो. आजीला दिसतंय ते हे.

सगळे बल्ब असं करत नाहीत. स्विचिंग ड्रायव्हर असलेला लुकलुकतो, कारण त्याच्या आयसीला सुरू व्हायला ठरावीक व्होल्टेज लागतं. स्वस्त बल्बांत ड्रायव्हर एलईडीच्याच पट्टीवर बसवलेला असतो, त्यांना अशी पायरी नसते. ते लुकलुकण्याऐवजी रात्रभर काजव्यासारखे मंद जळतात. म्हणून एका बल्बावर चाचणी करून काही कळत नाही. लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात जा, दहा-बारा वेगवेगळ्या कंपन्यांचे बल्ब, एक पॅनेल लाइट, एक एलईडी ट्यूब आणि अर्ध्या वॅटचा नाइट लॅम्प घेऊन या. माझ्या बाकाखाली असं एक खोकं कायम असतं, आणि डिझाइनमधला शेवटचा शब्द त्या खोक्याचा असतो.

किती करंट चालेल? माझा स्वतःचा दंडक ५० मायक्रोअँपिअर, फार तर १००. हा आकडा हवेतून आलेला नाही. दोन तारा एकाच पाइपातून शेजारी शेजारी गेल्या की त्यांच्यात मीटरला साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. दहा मीटरच्या पाइपात तो १ नॅनोफॅरड झाला, आणि २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ७० मायक्रोअँपिअर जातात. म्हणजे साध्या खटक्याच्या बटणालाही बंद असताना लांब वायरिंगमध्ये एवढी गळती असतेच, आणि बहुतेक बल्ब ती निमूट सोसतात. त्या पातळीच्या खाली राहिलात तर दिव्याला तुमचं अस्तित्व जाणवत नाही.

इथे नवशिक्यांची एक हमखास चूक होते. "मला दोन-तीन मिलिवॅटच हवेत ना, मग कपॅसिटर ड्रॉपर लावू." ड्रॉपर म्हणजे करंट अडवायला सिरीजमध्ये बसवलेला कपॅसिटर. ०.१ मायक्रोफॅरडचा ड्रॉपर २३० व्होल्टला ७ मिलिअँपिअर जाऊ देतो, तुम्ही त्यातले दोन मिलिवॅट वापरा नाहीतर शून्य. मीटर ती वीज मोजत नसेल, पण बल्ब मोजतो. तुम्हाला हवा आहे स्वतःसाठी फारच कमी करंट खर्च करणारा, उच्च व्होल्टेजवर चालणारा छोटा स्विचिंग कन्व्हर्टर.

५० मायक्रोअँपिअर गुणिले २३० म्हणजे साडेअकरा मिलिवॅट. इतक्या उपाशी अवस्थेत कन्व्हर्टर त्यातलं निम्मंही पोचवत नाही, दोन-तीन मिलिवॅट हाती लागतात. त्यात वाय-फाय बसणार नाही, कुठल्याही कंपनीचं आणा. झिग्बी किंवा थ्रेड या कमी विजेच्या वायरलेस पद्धतींचं झोपाळू उपकरण बसतं. ते सेकंदाला चार वेळा, दर वेळी साधारण ५ मिलिसेकंद जागं होऊन "माझ्यासाठी काही निरोप आहे का" विचारतं. जागेपणी ८ मिलिअँपिअर धरले तर सरासरी १६० मायक्रोअँपिअर, ३ व्होल्टला अर्धा मिलिवॅट. जमलं. किंमत इतकीच की असं उपकरण दुसऱ्यांचे निरोप पुढे पोचवत नाही. त्यासाठी रेडिओ सतत चालू ठेवावा लागतो, आणि मग गळती पुन्हा दोन-अडीचशे मायक्रोअँपिअरवर जाते. शिवाय घरात कुठेतरी न्यूट्रलवर चालणारा गेटवे, म्हणजे या उपकरणांना घरच्या इंटरनेटशी जोडणारा डबा, हवा. भिंतीवरचं बटण मात्र जागच्या जागी काम करत असल्याने दाबताक्षणी दिवा लागतो. उशीर झालाच तर फोनवरून, तोही पाव सेकंद.

दिवा चालू असतानाची बाजू जास्त अवघड आहे, आणि माझे सगळ्यात महागडे धडे तिथलेच.

जुनी पद्धत ट्रायॅकची, म्हणजे एसी करंट चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचची. प्रत्येक अर्ध्या लहरीच्या सुरुवातीला ट्रायॅक थोडा उशिरा चालू करायचा, तेवढ्या वेळात आपला कपॅसिटर भरून घ्यायचा. पिवळ्या बल्बांच्या काळात हे सुंदर चालायचं. पण ट्रायॅकला चालू राहायला किमान करंट लागतो, नेहमीच्या वापरातल्या ट्रायॅकना काही मिलिअँपिअर ते दहा-पंधरा. अर्ध्या वॅटच्या नाइट लॅम्पचा करंट दोन-चार मिलिअँपिअर. आमच्या लहानपणीचा "झिरोचा बल्ब" नावाला झिरो होता आणि पंधरा वॅटच्या घरात खायचा, त्याच्यावर ट्रायॅक आरामात टिकायचा. आताचे खरोखरच झिरो झाले! शिवाय एलईडी बल्ब सलग करंट घेतच नाही, लहरीच्या शिखराजवळ एक घोट घेतो आणि थांबतो. ट्रायॅक मध्येच सुटतो आणि दिवा थरथरतो.

माझी आताची मांडणी अशी असते. मुख्य काम लॅचिंग रिले करतो, म्हणजे ज्याला फक्त बदलताना झटका लागतो आणि धरून ठेवायला काही लागत नाही. तुमच्या निळ्या रिलेची कॉइल ५ व्होल्टला ७० मिलिअँपिअर सतत खाते; तो पहिला काढा. लॅचिंग रिलेला ३० मिलिसेकंदांचा झटका पुरतो, साधारण १२ मिलिज्यूल. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १२ व्होल्टवरून ८ वर उतरला तर ४० देतो, म्हणजे भरपूर. या रिलेच्या सिरीजमध्ये कमी व्होल्टेजच्या, अगदी कमी रोधाच्या दोन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) पाठीला पाठ लावून बसवायच्या. त्या बहुतेक वेळ पूर्ण चालू. कपॅसिटर रिकामा होत आला की बंद व्हायचं, दिव्याचा करंट कपॅसिटरकडे वळवायचा, १२ व्होल्ट भरले की पुन्हा चालू व्हायचं. २३० मधले १२ व्होल्ट क्षणभर गेल्याचं बल्बाला कळतही नाही.

यात एक बारकावा आहे. "शून्यावर व्होल्टेज असताना घ्या" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण एलईडी बल्ब शून्याजवळ करंटच घेत नाही, तेव्हा तिथे कपॅसिटर भरणार कशाने? घड्याळ लावून ठरवू नका. कपॅसिटर भरला की नाही हे एका कंपॅरेटरला, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटला, पाहू द्या आणि त्यालाच मॉसफेट चालू करू द्या. फर्मवेअरवर, म्हणजे चिपमधल्या प्रोग्रॅमवर, हे काम कधीच सोपवू नका. मी सोपवलं होतं. प्रोग्रॅम अडकला, मॉसफेट बंद राहिल्या, आणि सगळा करंट व्होल्टेज १२ वर रोखणाऱ्या झेनर डायोडमधून जायला लागला. दोन अँपिअर गुणिले बारा म्हणजे २४ वॅट. भिंतीतल्या डब्यात सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. माझ्याच बाकावर झालं म्हणून प्लॅस्टिकचा वास आणि तपकिरी डाग एवढ्यावर निभावलं. तेव्हापासून त्या मॉसफेटना चिकटून थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वाट तोडणारा) असल्याशिवाय माझ्याकडून बोर्ड बाहेर जात नाही.

लुकलुक टाळायचा एक देशी उपायही आहे, तुमच्या कामाचा. आपल्या बोर्डावर दिव्यांसोबत जवळजवळ नेहमी पंखा असतो. साधा पंखा म्हणजे तांब्याचं वेटोळं. त्यातून एखाद-दुसरा मिलिअँपिअर गेला तर तो ना फिरतो ना चमकतो. मग बंद असतानाचं जेवण दिव्याच्या तारेऐवजी पंख्याच्या तारेतून घ्यायचं. ही युक्ती सुचली तेव्हा मी स्वतःवर फारच खूश झाले होते. लालबागला एका घरात पाच बोर्ड बसवले, महिने-महिने तक्रार नाही. मग जानेवारी आला. मुंबईत थंडी येते चार दिवस, पण त्या चार दिवसांत लोक पंखा रेग्युलेटरवरून शून्यावर नेतात. टिक! रेग्युलेटरमधला स्विच उघडला, पंख्याची वाट तुटली, दिवे बंदच होते, आणि रात्री साडेअकराला फोन: "ताई, सगळे बोर्ड एकदम मेले." तेव्हापासून मी जेवण एकाच ताटातून घेत नाही. प्रत्येक लोडच्या तारेतून डायोडने वाट ठेवते. जे जोडलेलं असेल ते देतं. बीएलडीसी, म्हणजे वीज वाचवणारा नवा पंखा असेल तर त्याला वेटोळं समजू नका, आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, त्याला एलईडी बल्बाचेच नियम लावा.

एवढं करूनही एखादा बल्ब मानत नसेल, किंवा वाय-फायच पाहिजे असा हट्ट असेल, तर बायपास: दिव्याजवळ, दिव्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ वर्गाचा (थेट मेन्सवर लावायला सुरक्षित) कपॅसिटर, सोबत सिरीजमध्ये १०० ओहमचा फ्यूजिबल रेझिस्टर. ५० हर्ट्झला त्याचा रोध ३२ किलोओहमच्या आसपास, म्हणजे दीड मिलिअँपिअर गेले तरी बल्बावर ५० व्होल्टच दिसतात आणि बहुतेक ड्रायव्हर झोपून राहतात. तुमच्या आजीसाठी आज रात्रीचा उपाय हाच, पण एमसीबी (त्या सर्किटचा मुख्य खटका) पाडून, आणि कपॅसिटरवर एक्स-२ छापलेलं आहे ना ते पाहूनच. लॅमिंग्टन रोडवर दिसायला तसेच पण विनाछापाचे मिळतात, ते छतात नकोत. लुकलुक थांबेल, चालू केल्यावर मरणं मात्र याने सुटणार नाही.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. लोखंडी डब्यात अँटेना मागे ठेवलीत तर रेडिओ बहिरा होतो. ती पुढच्या प्लेटलगत आणा. पावसाळ्यात गिरगावच्या भिंतींना ओल येते, ऑगस्टमध्ये काढलेल्या माझ्या एका पीसीबीवर तांब्याला हिरवी बुरशी चढल्यासारखं झालं होतं. उच्च व्होल्टेजच्या ट्रॅकमध्ये खाच कापा आणि वरून कोटिंग द्या. इमारतीचा न्यूट्रल ढिला झाला की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकतात, म्हणून कन्व्हर्टर आणि एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका शोषणारा भाग) निवडताना २५० वर थांबू नका. तुमच्या सर्किटचा ग्राउंड, म्हणजे त्याची शून्य व्होल्टची बाजू, थेट फेजवर तरंगतोय, तेव्हा मेन्स चालू असताना यूएसबी केबल लावायची नाही. माझा एक लॅपटॉप त्यात गेला. हात मध्ये असता तर लॅपटॉपवर भागलं नसतं. आणि बोर्डावर ठळक लिहा की दिवा बंद दिसला तरी होल्डरमध्ये वीज असते, बल्ब बदलताना एमसीबी पाडा.

विकायचा विचार असेल तर घरगुती स्विचसाठी आयएस ३८५४ हे मानक आहे, आणि रेडिओ असलेल्या वस्तूला डब्ल्यूपीसी या सरकारी वायरलेस विभागाची ईटीए मान्यता लागते. आधीच मान्यता असलेलं रेडिओ मॉड्यूल घेतलंत तर कागदपत्रांचा त्रास कमी होतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. घर स्वतःचं असेल आणि पट्टीवरची उघडी वायरिंग असेल तर माझ्या मते एवढ्या कसरतीपेक्षा न्यूट्रलची एक तार ओढून घेणं स्वस्त पडतं. वायरमनचं अर्ध्या दिवसाचं काम. भाड्याचं घर असेल, किंवा तारा प्लास्टरच्या आत आणि पाइप गच्च भरलेला असेल, तर वरची मांडणी. दिवा एकच आणि छत हाताला येणारं असेल तर तिसरी वाट: सीलिंग रोजमध्ये, म्हणजे छतावरच्या दिव्याच्या जोडणीच्या गोल डबीत, फेज आणि न्यूट्रल दोन्ही मिळतात, तिथेच कंट्रोलर बसवा, बोर्डातल्या दोन तारा कायमच्या जोडून टाका आणि भिंतीवर बॅटरीचं वायरलेस बटण लावा. नाण्याएवढ्या सीआर-२०३२ सेलमध्ये सव्वादोनशे मिलिअँपिअर-तास असतात, दिवसातून वीस-तीस वेळा दाबलेलं चांगलं डिझाइन त्यावर वर्ष-दोन वर्षं काढतं. चाळीतल्या उंच छताला मात्र यासाठी घोडा लागेल.

तुमच्या बाबतीत मी आधी तो बोर्ड पुन्हा उघडून प्लगच्या मागे पाहीन. प्लग नसेल तर बोर्डाचा एक फोटो पाठवा, पंख्याच्या रेग्युलेटरसकट, आणि तो शून्यावर नेताना टिक वाजतो का तेही सांगा. वाय-फायसाठी ठेवलेले पैसे तोवर त्या बल्बांच्या खोक्यावर खर्च करा.